काकूंचं मनगट

कुणाचा प्रयोग फसला की त्या लॅबमध्ये आधी औषध तपासायचे, मग मशीन, मग स्वतःचं डोकं. काकूंचा हात तपासावा असं कुणाच्या स्वप्नातही येत नसे. बावीस वर्षं काकू कॅन्सरच्या पेशी वाढवत होत्या. मोठे सर नव्या माणसाला लॅब दाखवताना फ्रीज दाखवत, मायक्रोस्कोप दाखवत आणि मग म्हणत, "आणि या काकू. यांचा हात चुकत नाही." काकू वर न बघता म्हणायच्या, "चुकतो हो, फक्त आमटीत." पण मनातून सुखावायच्या. का सुखावू नये? नवरा बस चालवायचा, त्याला निवृत्त होताना घड्याळ मिळालं. काकूंना रोज हे वाक्य मिळत होतं.

आता हाताचं काम म्हणजे काय, ते सांगायला हवं. पेशी चपट्या बाटलीच्या तळाला घट्ट चिकटून वाढतात. त्या सुट्या करायच्या तर बाटलीत एक एन्झाइम घालतात. ते पेशींची पकड सोडवतं. काकूंची रीत ठरलेली. दोन मिनिटं एन्झाइम, मग बाटलीच्या कुशीवर तळहाताच्या तीन थापा. पेशी खळकन सुटायच्या. "जास्त वेळ ठेवू नका रे," त्या नवख्यांना दटावायच्या, "ते मेलं पेशींची कातडीही खातं."

आणि पाच महिन्यांपूर्वी त्यांचं उजवं मनगट धरलं. डॉक्टर म्हणाले, हिसका बसेल असं काही करायचं नाही. काकूंनी थापा बंद केल्या आणि एन्झाइम दोनच्या जागी पाच मिनिटं ठेवायला सुरुवात केली. कुणाला सांगितलं नाही. लॅबमध्ये एक तरतरीत मुलगी नुकतीच शिकून लागली होती, आणि निवृत्तीला दोन वर्षं बाकी असताना "काकूंना आता होत नाही" हे त्यांना ऐकायचं नव्हतं. वहीत पेशी सोडवण्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, "नेहमीप्रमाणे." एक शब्द. बाकी वही चोख होती.

त्याच लॅबच्या कोपऱ्यात गणितवाली बसायची. ही दुसरी पोरगी, गणित शिकून आलेली. पहिल्या दिवशी पेशींची बाटली हातात घेतली ती दोन्ही हातांनी, जणू कुणाचं तान्हं. सगळे हसले होते. काकूंनी मात्र तिला आपल्या डब्यातलं अर्धं दिलं, आणि दोन वर्षं देतच होत्या. तिचं काम काकूंना एका चहात समजलं होतं. प्रत्येक पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतात, म्हणजे दारावरच्या कड्याच समजा. बाहेरून निरोप आला की कडी वाजते, आतले उठतात, कामाला लागतात. कॅन्सरमध्ये कडी वाजायची थांबतच नाही. औषध ती कडी धरून ठेवतं. किती कड्या, किती वेळ वाजतात, किती आत ओढल्या जातात, किती नव्याने बसतात, या सगळ्याची समीकरणं पोरगी मांडत होती. ती जुळली तर औषध किती तासांनी द्यावं याचे शंभर प्रयोग करायच्या ऐवजी दहाच करावे लागले असते.

आणि जुळत होती. वर्षभर काकूंचे आकडे आणि तिच्या आलेखाची रेघ हातात हात घालून चालली. मग पाच महिन्यांपासून बिनसलं.

सोमवारी काकू चहा घेऊन गेल्या तर पोरगी फळा पुसत होती. दोन वर्षांची समीकरणं, अर्धी गेलेली.

"अगं, हे काय चाललंय?"

"मॉडेल चुकलंय काकू. गुरुवारच्या मीटिंगमध्ये सांगून टाकते."

"कशावरून चुकलं?"

"तुमच्या नव्या आकड्यांवरून. मी म्हणते निरोप शंभर पोचायला हवा, तुमच्याकडे येतो पन्नास. कड्या निम्म्या धरल्या तर रेघ जवळ येते. पण मनानेच आकडा कसा बदलू? ती लबाडी झाली. पेशी त्याच, कड्या कुठे जातील?"

"माझंच काही चुकलं असेल," काकू म्हणाल्या. हलकेच म्हणाल्या, थट्टेत जाईल अशा बेताने.

पोरगी खरंच हसली. "तुमचं? काकू, तुमचं चुकलं असतं तर मी नाचले असते."

निम्म्या कड्या कुठे गेल्या ते काकूंना त्या क्षणी स्वच्छ कळलं होतं. एन्झाइमने खाल्ल्या. जादाच्या तीन मिनिटांत. नंतर चार तासांनी निरोप द्यायचा. तेवढ्यात पेशी त्या सगळ्या परत कुठून आणणार? आणि ही पोरगी आपलं काम पुसत होती ते आपल्यावरच्या विश्वासापायी. चहा ठेवून काकू निघून आल्या.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो घडीच्या खुर्चीचा खिळा ठोकत होता, ठोकतच म्हणाला, "आता बोलून काय मिळणार? पुढच्या वेळी दोन मिनिटं ठेव, झालं. उगीच हात दाखवून अवलक्षण कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ माझी झाकलेली, आणि लाख तिचे चाललेत त्याचं काय?"

नवऱ्याने हातोडी खाली ठेवली. "मग मला कशाला विचारतेस? तुझं ठरलंय की."

ठरलं होतं खरं, पण सोपं नव्हतं. बावीस वर्षांत मिळवलेलं ते एकच वाक्य, आणि उद्या ते कुणी म्हणणार नव्हतं.

मंगळवारी सकाळी काकू वही घेऊन मोठ्या सरांच्या खोलीत गेल्या, गणितवालीलाही बोलावून घेतलं. उभ्यानेच सगळं सांगितलं: मनगट, डॉक्टर, पाच मिनिटं, "नेहमीप्रमाणे." गणितवाली एकदम म्हणाली, "पाचच? कधी चार, कधी सात असं नाही?"

"टायमर लावते मी," काकू जरा दुखावूनच म्हणाल्या. "चूक केली म्हणून काय अंदाजे केली?"

"मग मोजता येईल!" पोरगी कागद शोधायला लागली. "सर, दोन मिनिटांचा आकडा आहे, पाचचा आहे. उद्या आठ मिनिटं ठेवून बघू. किती येईल ते मी आधी लिहून देते."

"त्यात काय लिहायचं," काकू म्हणाल्या. "दोनाला शंभर, पाचाला पन्नास, आठाला पंचवीस. निम्म्याचं निम्मं."

"नाही. चार तासांत प्रत्येक पेशी काही नव्या कड्या बसवतेच, उरलेल्या कितीही असोत." तिने संध्याकाळपर्यंत हिशेब केला आणि एक चिठ्ठी घडी करून सरांच्या टेबलावरच्या पेल्याखाली ठेवली.

बुधवारी काकूंनी तीन बाटल्या मांडल्या. दोन मिनिटांच्या बाटलीला थापा हव्या होत्या, आणि काकूंचा हात वर होईना. त्यांनी बाटली गणितवालीकडे दिली. पोरीने बोटांनी टिचकी मारली.

"झोपवतेस का त्यांना? मार."

तिने तळहात मारला. एक, दोन, तीन. पेशी सुटल्या.

"बघ, जमलं," काकू म्हणाल्या, आणि ते आपल्याला अजिबात खुपलं नाही याचं त्यांनाच नवल वाटलं.

दुपारी मशीनमधून आकडे आले. दोन मिनिटांना शंभराच्या आसपास. पाचाला एकावन्न. आठाला तीस. सरांनी पेला उचलून चिठ्ठी उघडली. आत एकतीस लिहिलं होतं. पोरीने टेबलाची कड घट्ट धरली आणि ती तिथेच रडायला लागली. काकूंनी तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं.

"फळा पुन्हा लिही," सर तिला म्हणाले. "उद्या हेच मांडायचं." मग काकूंची वही पुढे ओढली. "काकू, असं 'नेहमीप्रमाणे' आणखी कुठे आहे?"

"नाही सर. एवढ्या पाच महिन्यांतच."

मागच्या कपाटात काकूंच्या बावीस वर्षांच्या वह्या ओळीने लावलेल्या होत्या. सरांनी तिकडे पाहिलं. त्यातली कुठलीही वही आता त्यांनी तपासायला घेतली असती तर काकू कुठल्या तोंडाने नाही म्हणणार होत्या?

"बरं," सर म्हणाले, आणि हातातली वही मिटली. "तुम्ही म्हणताय ना. मग त्या उघडायला नकोत."

मनगट धरलं तेव्हा काकू रडल्या नव्हत्या. आता त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि रडणं लपवायची खटपट केली नाही.

लॅबमध्ये परत आल्यावर त्यांनी पाच महिन्यांची पानं उलटून प्रत्येक "नेहमीप्रमाणे"वर आडवी रेघ मारली, शेजारी "पाच मिनिटं, थापा नाहीत" लिहिलं आणि सही केली. मग त्या दिवसाच्या पानावर आल्या. वेळ लिहिली, दोन मिनिटं. थापा, तीन. 'हात कुणाचा' असा रकाना वहीत कधी नव्हताच. काकूंनी पट्टी घेऊन तो आखला आणि त्यात लिहिलं, "गणितवालीचा."