उजवीकडे ओढणारी गाडी

कराडहून निघताना मी दिनकर मिस्त्रीला तीनदा विचारलं, "ब्रेक नक्की झाले ना?" शेवटी तो वैतागला. "सुमनताई, पुढचे पॅड नवे, मागचे लायनर नवे, ब्रेक ऑइल नवं. आता फक्त ड्रायव्हर तेवढा जुना राहिलाय." मी पंचावन्न वर्षांची, शाळेत क्लार्क. हेडमास्तरसुद्धा माझ्याशी जपून बोलतात, पण दिनकरला कुणाची भीडभाड नाही.

मी निघाले होते पूर्णगडला, भावोजींना आणायला. माझी थोरली बहीण, आमची अक्का, गेल्या वर्षी गेली. त्यांना मूलबाळ नाही. भावोजी जन्मभर होड्या बांधणारे सुतार, आता एकटेच राहतात. दोन महिन्यांपूर्वी ते विहिरीपाशी घसरून पडले आणि शेजाऱ्यांना कळेपर्यंत दुपार टळून गेली होती. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मी फोनवर महिनाभर भांडले, तेव्हा कुठे "येतो आठ दिवस" म्हणाले. मला ते कायमचे हवे होते. पण "फुकटचं गिळायला मी कुणाच्या दारात बसणार नाय" असं एकदा ते म्हणाले होते, त्यामुळे पुढचं बोलायचं मला धाडस होत नव्हतं.

आंबा घाट उतरताना ब्रेकची परीक्षा झालीच. धुकं होतं, समोर ट्रक कण्हत चालला होता, आणि गाडी प्रत्येक वळणावर शहाण्या मुलीसारखी थांबत होती. मी मनात दिनकरला शाबासकी दिली. साखरप्याला मिसळ खाल्ली. ती इतकी तिखट होती की हॉटेलवाल्या मावशींनी न मागता ताकाचा पेला पुढे केला. "घाटावरची माणसं तुम्ही, तुम्हाला कसलं तिखट लागतं?" म्हणाल्या. मी नाक पुसत हसले.

रत्नागिरी मागे टाकून पावसच्या पुढे गेलं की कातळ (जांभ्या दगडाचं उघडं पठार) सुरू होतो. गवत वाळून सोनेरी झालेलं होतं आणि कलमांना मोहोर आला होता. मग टेकडीवर पूर्णगडचा तो इवलासा किल्ला दिसतो आणि खाडीपलीकडे गावखडीचं सुरूचं बन. खाली खाडीचं तोंड, होड्या, वाळत घातलेली जाळी. भावोजींच्या अंगणात गाडी उजव्या बाजूने गडग्याला (दगडी कुंपणाला) चिकटवून लावली, कारण दुसऱ्या बाजूला त्यांची लाकडं रचलेली होती; मी डाव्या दाराने कशीबशी उतरले.

"आलीस गो सुमे? वाळलीस," ते म्हणाले. मी गेल्या वर्षापेक्षा चार किलो वाढले होते, पण बरं वाटलं. त्यांनी बांगड्याचं तिखलं (दाट, आंबट-तिखट कालवण) केलं होतं, अगदी अक्का करायची तसं. पहिल्या घासालाच माझे डोळे भरले. "तिखट झाला काय?" त्यांनी विचारलं. "नाही हो, अक्काची आठवण झाली," मी सरळ सांगितलं. त्यांनी माझ्या पानात आणखी एक तुकडी वाढली.

सकाळी उठले तर भावोजी न्हाऊन, इस्त्रीचा सदरा घालून तयार. एक कापडी पिशवी, एक पत्र्याची पेटी. घराला कुलूप लावून त्यांनी ते दोनदा ओढून पाहिलं. गाडीत बसल्यावर मला माशांचा वास आला. म्हटलं, पिशवीत सुकट घेतली असणार, कोकणातला माणूस रिकाम्या हाती थोडाच येतो! काच खाली करून निघाले.

पूर्णगड सोडल्यावर एक उतार आहे. समोरून एसटी येत होती. मी ब्रेक दाबला आणि गाडीने उजवीकडे अशी ओढ घेतली की स्टिअरिंग हातातून निसटलंच. एसटी अंगावर! मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग डावीकडे खेचलं, एसटी कर्कश हॉर्न देत वीतभर अंतरावरून गेली आणि आम्ही गवतात जाऊन थांबलो. भावोजींनी डॅशबोर्ड घट्ट धरला होता.

"लागलं का हो कुठं?"

"नाय. तुला?"

मी खाली उतरले आणि दिनकरला फोन लावला. काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. "तुझ्या हातात पाना देणाऱ्याला धरून बडवलं पाहिजे" हे त्यातलं सगळ्यात सभ्य वाक्य. दिनकरने सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "ताई, पेडल मऊ लागतंय का? खाली जातंय?"

"नाही. कडक आहे."

"मग लाइनीत हवा नाही. ऑइलची पातळी बघा." पाहिली, भरलेली होती. "आता जपून थोडी चालवा, ब्रेक मारून थांबवा, आणि पुढच्या दोन्ही चाकांजवळ हात न्या. लावू नका, नुसता जवळ."

मोकळा रस्ता बघून चालवली, थांबवली. उजव्या चाकाची धग लागत होती. डावं जवळजवळ गार होतं.

"म्हणजे डावं चाक पकडतच नाही," दिनकर म्हणाला. "सगळा जोर उजव्यावर येतो, म्हणून गाडी तिकडं ओढते. मी बसवलं तेव्हा ठीक होतं ताई, आईशप्पथ. दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू न्या आणि कुणाकडून तरी डावं चाक उघडून बघा."

"ठीक होतं म्हणे!" म्हणून मी फोन आपटला.

पाऊण तासाच्या वाटेला दीड तास लागला. मिरजोळ्याला एमआयडीसीच्या कडेला एक गॅरेज सापडलं. मालक रमाकांत चाळिशीचा, मितभाषी. मी दिनकरच्या नावाने आरती सुरू केली, पण त्याचं लक्ष नव्हतं. त्याने डावं चाक काढलं, पॅड बाहेर काढला, बोट फिरवून नाकाशी नेलं आणि थबकला.

"ताई, मिस्त्रीची चूक नाय ही. हे ब्रेक ऑइल नाय. हे मुशीचं तेल हाय. आमचा गाव बुरोंडी, आजा होड्यांना हेच लावायचा." मुशी माशाच्या यकृतातून काढलेलं हे तेल. होडीच्या लाकडाला ते पाजतात. त्याने गाडीखाली डोकावून पाहिलं. "अख्खी डावी बाजू चोपडलीय. उजवी कोरडी."

मी भावोजींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मीच लावलं," ते म्हणाले. "पहाटे. खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाय गो. प्रवासाला निघालेली होडी आम्ही कोरडी सोडत नाय कधी. गडग्याच्या बाजूनं शिरता येईना, म्हणून एकच बाजू झाली." त्यांनी हाताच्या तळव्याकडे बघितलं. "तुझ्याकडं येतोय तर म्हटलं, काहीतरी हातानं करून यावं."

मग पत्र्याची पेटी उचलून ते रस्त्याकडे चालू लागले. "मी जातो परत, एसटी मिळेल. आज तुला मारलंच असतं मी. ह्या हातांनी आता बरं काय होत नाय."

मी धावत जाऊन त्यांच्या हातातली पेटी हिसकावली. रागाने मला रडूच फुटलं. "जाऊन बघाच! तिथं विहिरीवर पडून राहाल आणि मी इथं फोनची वाट बघत मरेन! अक्का गेली ते पुरे नाही का झालं? मला माझ्या घरात माणूस हवंय भावोजी, पाहुणा नको!" महिनाभर जे बोलता येत नव्हतं ते भर रस्त्यात, दोन रिक्षावाल्यांसमोर बोलून मोकळी झाले.

ते मान खाली घालून उभे राहिले. जाईनात आणि येईनातही.

रमाकांत चाकापाशी बसूनच बोलला. "काका, तेल उरलाय?"

"पेटीत हाय थोडं."

"मग अर्धी गाडी तेलात नि अर्धी कोरडी, बरी दिसते काय? काम अर्ध्यावर टाकून जाताय?" भिजलेले पॅड त्याने टाकून दिले, नवे घातले. डिस्क पावडरीने आणि पाण्याने खसाखसा घासली. मागचा ड्रम उघडून पाहिला, तो बचावला होता. मग चारही चाकांना प्लॅस्टिकच्या गोण्या गच्च बांधल्या, गाडी जॅकवर चढवली आणि कुंचला भावोजींपुढे धरला. "सायलेन्सरला आणि चाकाला शिवायचा नाय. बाकी सगळा तुमचा."

भावोजींनी इस्त्रीचा सदरा काढून घडी घातली. तासभर ते गाडीखाली होते. रमाकांत मधूनमधून वाकून विचारायचा, "ह्या सांध्यात कसा पाजायचा?" आणि भावोजी दाखवायचे. त्यांचा आवाज हळूहळू मोठा होत गेला. मी बाकावर बसून चहा पीत होते आणि दिनकरला फोन लावत होते. त्याने उचलला नाही. बरोबरच होतं म्हणा त्याचं.

घाट चढताना एकेका वळणावर मी ब्रेक दाबून पाहिला. गाडी सरळ थांबत होती. माझ्याबरोबर भावोजीही पायाने गाडीचा तळ दाबत होते.

"तुमच्या बाजूला ब्रेक नाही हो," मी म्हटलं.

"म्हाईत हाय," ते म्हणाले आणि पुढच्या वळणावर पुन्हा दाबला.

कराडात शिरल्यावर घरी जायला ते तयार होईनात. "आधी त्या मिस्त्रीकडं. माझ्यापायी त्यानं शिव्या खाल्ल्या." दिनकर गॅरेज बंद करायच्या तयारीत होता. मला बघून त्याने तोंड फिरवलं. मी काही बोलायच्या आत भावोजींनी त्याच्यापुढे हात जोडले. "चूक माझी, बाबा. तिला मी सांगितलाच नव्हता."

दिनकरने घाईघाईने त्यांचे हात धरले. मीही सॉरी म्हटलं. आयुष्यात मी हा शब्द इतका मनापासून क्वचितच वापरला असेल. मग दिनकर गाडीखाली वाकला, वास घेऊन तोंड वाकडं केलं आणि पत्र्यावर बोट फिरवलं.

"वास घाण आहे, पण काम पक्कं झालंय. हे पुन्हा कधी लावायचं असतं, काका?"

"वर्षानं," भावोजी म्हणाले.

"मग लावणार कोण? आमच्याकडं कुणाला येत नाही हे."

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. गाडीतली पेटी त्यांनी उगाचच नीट सरकवून ठेवली.

"मी हाय की हितं," ते म्हणाले.

रत्नागिरीला जाऊन आलात, समुद्र कसा होता, असं शाळेत सगळ्यांनी विचारलं. मी तो नीट पाहिलाच नव्हता. मला ज्या कामासाठी जायचं होतं, ते झालं होतं.