वाकडा दांडा आणि विलायतेचा अर्ज

माझ्या हातून आयुष्यात एकच यंत्र झालं. त्याची कल्पनाही माझी पूर्ण नव्हे, घरच्या सुपातून आलेली. गोंदियाजवळ कुडव्याला आमची छोटी राईस मिल होती. धान भरडलं की तांदळात काही दाणे सालासकट राहत, आणि ते निवडायला आठ बाया दिवसभर सूप घेऊन बसत. माझी बायको सूप कसं हलवते ते मी एकदा घड्याळ लावून पाहिलं. सूप पुढे सावकाश जायचं, मागे झटक्यानं यायचं. त्या झटक्यानं धान एका बाजूला आणि तांदूळ दुसऱ्या बाजूला सरकायचा. हाच झटका लाकडी पेटीतल्या दोन चाळण्यांना देता आला तर?

दवनीवाड्याचे एक वयस्क मिस्त्री मदतीला आले. सुतारकामही जाणत, लोहारकामही. चार वर्षं आम्ही दोघांनी गोदामाचं दार लावून खटपट केली. चाळण्यांना झटका देणारे सतरा दांडे फुकट गेले. अठरावा, दोन ठिकाणी वाकवलेला, नेमका बसला. खरं यंत्र म्हणजे तो दांडाच. बाकी पेटी कुणीही केली असती.

बायको म्हणाली, "सूप माहं, आन् कागदावर नाव तुमचं!"

कागद म्हणजे पेटंटचा अर्ज. कलकत्त्याच्या एका एजंटाशी मी पत्रव्यवहार केला होता. त्यांनी समजावलं होतं की पेटंट ज्या देशात घ्यावं तिथंच चालतं. हिंदुस्थानातलं पेटंट सिलोनमध्ये कामाचं नाही, विलायतेत नाही. मात्र आधी इथं अर्ज केला, तर त्या तारखेपासून बारा महिने विलायतेचं दार आपल्यासाठी उघडं राहतं. त्या मुदतीत तिथं अर्ज गेला तर इथलीच तारीख तिथं धरली जाते. मला विलायत हवी होती, कारण भातगिरण्यांची यंत्रं तिथं बनत. तिथल्या कारखान्याने माझा झटका उचलला असता, तर तेच यंत्र पेट्यांत भरून गोंदियाच्या स्टेशनवर उतरलं असतं आणि मी ते पाहत उभा राहिलो असतो.

इथला अर्ज भाद्रपदातच तयार होता. पण नवं अवजार आणि त्याचा कागद दसऱ्याआधी बाहेर काढायचा नाही, असं घरात ठरलं, आणि मीही मान डोलावली. पाकीट सोळा दिवस देवघरात पडून राहिलं. दसऱ्याला पेटी अंगणात आणून तिला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू लावलं. त्या दिवशी टपाल बंद. दुसऱ्या दिवशी पाकीट गेलं, आणि कलकत्त्यात अर्जावर जी तारीख पडली ती दसऱ्यानंतरच्या पाचव्या दिवसाची.

पुढच्या वर्षी, बारातले साडेदहा महिने सरल्यावर एजंटांचं पत्र आलं. विलायतेचे कागद तयार आहेत, सही करा. पण त्याआधी कळवा, की हिंदुस्थानातल्या अर्जाच्या तारखेपूर्वी हे यंत्र लोकांसमोर चाललं किंवा दाखवलं गेलं होतं काय? तसं असेल तर इथला अर्जच पडेल, आणि त्याच्या तारखेवर उभा असलेला विलायतेचाही.

ते वाचताच मला अंगणातली हार घातलेली पेटी आठवली. सोनं द्यायला कोण कोण आलं, ते मी दर दसऱ्याला वहीत लिहून ठेवतो. कुणाकडे परत सोनं द्यायला जायचं राहू नये म्हणून. वही काढली. त्रेचाळीस नावं. माझ्याच अक्षरात, माझ्याविरुद्ध त्रेचाळीस साक्षीदार.

माझा मेहुणा गोंदियात दुकान चालवायचा. दिवसभर हिंदीत बोलून घरातही तेच बोलायचा. तो म्हणाला, "जीजाजी, लिख दो किसीने नहीं देखा। कलकत्ते से कौन पूछने आएगा?"

"तू पाहिलंस ना?"

"हां, मैंने तो ढक्कन उठाके झाँका भी था।"

नुसती बंद पेटी लोकांनी पाहिली असती तर एक वेळ निभावलं असतं. इथं झाकण उचलून आत डोकावणारा माझ्याच घरचा निघाला. खोटं लिहायचं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. खरं लिहिलं तर चार वर्षं पाण्यात. बायको म्हणाली, "असे भिंतीकडे पाहून काऊन बसले? मिस्त्रीले तर विचारा. पेटी त्यायनंच मांडली होती."

सकाळी सायकल काढली आणि दवनीवाडा गाठला. मिस्त्री अंगणात रंधा मारत होते. मी पत्रातला प्रश्न त्यांना मराठीत सांगितला. त्यांनी रंधा खाली ठेवला.

"भाऊ, लोकायनं काय पायलं? पेटी पायली. दांडा कुठी होता तिच्यात?"

"म्हणजे?"

"दसऱ्याच्या दिशी अवजार चालवत नसतेत. अंगणात मांडली का कोनी ना कोनी मूठ फिरवून पाहतेच. म्हून आदल्या सांजेले मी दांडा काहाडला, धोतरात गुंडाळला आन् घरी घेऊन आलो. तिसऱ्या दिशी गोदामात येऊन बसवला."

"मला सांगितलं नाही!"

"तुमी विचारलं कायले नाही? तुमी तर नावं लिहून राहिले होते."

मी हसलो नाही, कारण अजून खात्री व्हायची होती. "इथं तुमच्या घरी कुणी पाहिला?"

"कोन पायते? धानाच्या कणगीत खुपसला होता."

"आणि त्याची पूजा?"

"कणगीलेच कुकू लावलं. देवाले ठाव होतं आत काय हाये ते."

परतताना मी घरी न जाता आधी मेहुण्याच्या दुकानात गेलो. त्याला काही न सांगता विचारलं, "झाकण उचललंस तेव्हा आत काय दिसलं?"

"दो चलनी। और क्या?"

"वाकडा दांडा?"

"कौनसा दांडा?"

गिऱ्हाइकांसमोर मी त्याला मिठी मारली. तो म्हणाला, "जीजाजी, तबीयत ठीक है ना?"

त्या दिवशी मी कलकत्त्याला चार पानं लिहिली. काही लपवलं नाही. त्रेचाळीस माणसं, उचललेलं झाकण, दोन चाळण्या, कणगी, सगळं. मिस्त्रींचा अंगठा घेतला, मेहुण्याची सही घेतली. मग वाट पाहिली. पत्र जायला, ते वाचायला, उत्तर यायला किती दिवस लागतील ते रोज मोजायचो, आणि रोज आकडा तोच यायचा.

अकराव्या दिवशी उत्तर आलं. हक्क मागितला आहे तो दांड्याचा आणि त्याच्या चालीचा. जे लोकांनी पाहिलं त्यावरून कुशल कारागिरालाही हे यंत्र करता आलं नसतं. बनवणाऱ्या मिस्त्रीला ते ठाऊक असणं म्हणजे लोकांना ठाऊक असणं नव्हे. काळजी नसावी, सही करून कागद ताबडतोब पाठवा. ती ओळ मी तीनदा वाचली. कित्येक दिवसांनी त्या दुपारी मला भूक लागली.

मी दौत घेऊन बसलो तेव्हा बायको दारात आली. "पितरं चालू हायेत. नवं काम कोनी करते का या दिवसात? दसरा दहा-बारा दिवसांवर आला."

तिचं चुकत नव्हतं. आमच्याकडे पितृपंधरवड्यात कुणी नवा माठसुद्धा आणत नाही. पण बारा महिने भरायला जेमतेम महिना उरला होता, कागद कलकत्त्याहून बोटीनं विलायतेला जायचे होते, आणि गेल्या दसऱ्याची वाट पाहून काय झालं होतं ते दोघांनाही आठवत होतं. आमचं घराणं तलाव बांधणाऱ्यांचं. माझ्या आज्याने एकदा पाळ, म्हणजे तलावाचा बांध, झिरपताना पाहिली, ती अमावास्येला, आणि त्याच दुपारी माती टाकायला गाव बोलावलं. मी तिला एवढंच म्हणालो, "पितर आपले आहेत. त्यांना पाण्याची घाई कळते."

मी सही केली. मग ती वाळावी म्हणून बायकोनं सूप आणलं आणि कागदावर हलकेच वारा घातला.

पाकीट मी स्वतः टपालात नेऊन टाकलं.