घोंगडीचा धागा

घोंगडी उन्हात टाकली की तिच्या लोकरीच्या वासाबरोबर भोकरदनकडची ती दुपार परत येते. आमच्या शेतात खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या आणि माझी सहा वर्षांची लेक दोन दिवस कोकरांत लोळत होती. वेणी घालताना तिच्या कानामागे मला मसुराएवढी टणक गाठ लागली. मी घाबरून हाक मारली. मेंढ्या राखणाऱ्या बाईनं वाकून बघितलं. "गोचीड हाय, ताई. दुसरं काही न्हाई." मी लगेच ती चिमटीत धरायला गेले, तर तिनं माझा हात बाजूला केला. "हिसका मारू नका, मुंडी आत ऱ्हाईल." खांद्यावरच्या घोंगडीतून तिनं एक धागा उपसला, गोचिडीला अगदी कातडीलगत फास घातला आणि सावकाश सरळ वर ओढला. गोचीड पाय हलवत अख्खी बाहेर आली. मी तिथंच ढेकळांत बसून हसत सुटले. मागच्या आठवड्यात मी शेतातून घरी आले, तेव्हा माझ्याहून उंच झालेल्या लेकीनं मला दारातच थांबवलं, मोज्यांत खोचलेला पायजमा झटकायला लावला, माझ्या दोन्ही कानांमागून बोट फिरवलं आणि त्या बाईच्याच सुरात म्हणाली, "काही न्हाई."