मी भाऊंना ओवाळलं नाही

"हे घ्या मॅडम. तुम्ही लेडीज आहात, तुम्हीच ओवाळा."

असं म्हणत आमच्या संपादकसाहेबांनी भरल्या हॉलमध्ये माझ्या हातात ताट दिलं. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी. समोर सिंहासनासारख्या खुर्चीत भाऊ, आमच्या हुडकेश्वर भागाचे नगरसेवक. त्या दिवशी त्यांचा वाढदिवस. नागपुरात नेत्याचा वाढदिवस म्हणजे सगळ्या सणांचा बाप. फ्लेक्सवर भाऊंचं तोंड एवढं मोठं, की एका नाकपुडीत ऑटो उभा करावा आणि दुसरीत सवारीची वाट पाहावी. हार उचलायला क्रेन आणली होती. थापा मी पुष्कळ मारते, पण क्रेन खरीच होती.

पेपरवाल्यांची तर त्या दिवशी सुगी. वाढदिवसाची पुरवणी निघते. शुभेच्छांच्या जाहिराती बातमीदारांनीच गोळा करायच्या, 'विकासपुरुष' नावाचा लेख बातमीदारांनीच लिहायचा, आणि सकाळी हार घेऊन रांगेतही बातमीदारांनीच उभं राहायचं.

मी हार नेला नव्हता. माझ्या पर्समध्ये बाटली होती. आमच्या गल्लीतल्या नळाचं पाणी. रंग वरणाचा. वासाचं सांगत नाही, तुम्ही जेवत असाल. गल्लीत घरटी कावीळ. शेजारच्या वत्सलाकाकूंची सून पोटुशी, ती कावीळ होऊन दवाखान्यात पडलेली. बाटली काकूंनीच भरून दिली होती. "तू पेपरात आहे वं. तोंडानं काही नको म्हणू. त्याले फक्त दाखव."

मी एका हातात ताट धरलं, दुसऱ्या हातानं बाटली काढली. म्हटलं, "भाऊ, हे आमच्या नळाचं पाणी. तुम्ही प्याल का?"

भाऊ हसले. दात बाहेर, डोळे आत.

"ताई, आज वाढदिवस आहे न माझा. बहिणीनं आधी ओवाळावं, मंग भांडावं."

हॉल फुटला. संपादकसाहेब सगळ्यात जोरात हसले. एवढं लांबवलं की मला वाटलं, आता ॲम्ब्युलन्स बोलवावी लागते. कुणीतरी माझ्या हातातली बाटली काढून घेतली. कुणीतरी माझं मोकळं मनगट धरून ताटाला लावलं. "वर करा, वर करा, फोटो." क्लिक.

तिथं पुरुष बातमीदार ढिगानं होते. एकाच्याही हातात ताट दिलं नाही. मी पत्रकार म्हणून दारातून आत गेले, आणि खुर्चीपर्यंत पोचेस्तोवर त्यांनी माझी बहीण करून टाकली. न विचारता. फुकटात.

मी ओवाळलं नाही. एक फेरासुद्धा नाही. ताट टेबलावर आपटलं आणि निघाले.

पण कॅमेऱ्याला फेरे मोजता येत नाहीत. दुसऱ्या दिवशी पुरवणीच्या पहिल्या पानावर मी. रंगीत. ताट वर, मागे भाऊंचं कपाळ. खाली ओळ : 'पत्रकार भगिनीकडून भाऊंचे औक्षण'.

काकू नळावर होत्या, हातात पेपर.

"काहून वं? तू तर त्याले पाणी दाखवाले गेली होती. दिवा काहून दाखवून राहिली?"

मी सांगितलं, ओवाळलं नाही. त्यांनी फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. विश्वास फोटोवर ठेवला. ठेवणारच. छापलेलं खरं असतं, हे आम्ही पेपरवाल्यांनीच त्यांना शिकवलं.

ऑफिसात गेले. साहेबांच्या टेबलावर भाऊंच्या घरून आलेला पेढ्यांचा डबा. अर्धा पेढा तोंडात. बोलताना त्याचे कण मी लिहून दिलेल्या पाण्याच्या बातमीवर पडत होते.

"फोटो झकास आला. आता उद्याला एक लेख दे. 'माझा पाठीराखा भाऊ'. तुझ्या नावानं."

"आणि पाण्याची बातमी?"

"पाण्याची पाण्यात गेली. एवढं समजत नसेल तर घरी जाऊन पोळ्या लाट."

मी बातमीचा कागद उचलला, त्यावरचे पेढ्याचे कण त्यांच्याच टेबलावर झटकले. म्हटलं, "माझं नाव एकाच बातमीखाली जाईल. या पाण्याच्या." आणि जिना उतरले. परत चढले नाही.

आमच्या चौकात मंडळाचा फळा आहे. त्यावर रोज सुविचार असतो. त्या दिवशीचा होता, 'गोड बोला, गोड वागा'. तो मी पुसला. आधी बायांना बातमी वाचून दाखवली, मग खडूनं लिहिली. या गल्लीच्या नळाचं पाणी पिऊ नका. त्यात गटाराचं पाणी मिसळतं. काकूंच्या सुनेला त्यानंच कावीळ झाली.

काकू मागून म्हणाल्या, "माझ्या सुनेले नाव आहे. ते लिही."

उज्ज्वला. मी लिहिलं. खाली माझं नाव लिहिलं.

भाऊंच्या पोरांनी पुसलं. बायांनी पुन्हा लिहिलं. खडू संपले तर कोळशानं भिंतीवर लिहिलं. गल्ली अशी रंगली की पोळ्याला बैलही एवढे रंगत नाहीत. शेवटी महापालिकेला खोदावं लागलं. गटाराखालून पाइप निघाला. चाळणीनं पाहिला असता तर लाजून तिनं गाव सोडलं असतं.

उज्ज्वला घरी आली. बाळ आलं नाही.

भाऊंनी नव्या पाइपचं भूमिपूजन केलं. नारळ फोडला. तोही फोटो छापून आला.

त्या फळ्याची आता बातम्यांची संस्था झाली आहे. नफा नाही, मालक नाही, नेत्याची जाहिरात नाही. वाचक चालवतात. पारशिवनीहून बाया बातम्या पाठवतात, बुटीबोरीच्या कारखान्यांतले कामगार पाठवतात. भाड्याची एक खोली, तिच्यात आम्ही एवढे जण बसतो की एकानं शिंकायचं तर बाकीच्यांना विचारावं लागतं. नियम एकच. ज्या गल्लीची बातमी, त्या गल्लीत ती आधी मोठ्यानं वाचायची. मगच मोबाइलवर सगळ्यांना पाठवायची.

आज सकाळी संपादकसाहेब आले. रिटायर झाले, आता भाऊंचे सल्लागार आहेत. भाऊही वाढले. लेआउट पाडतात, म्हणजे शेताचे प्लॉट करून विकतात. त्यांच्या नव्या लेआउटमध्ये बोअरवेलला खेटून सेप्टिक टँक आहेत, आणि लोक तेच पाणी पिऊन राहिले. ती बातमी आमच्याकडे तयार आहे, हे साहेबांना कळलं होतं.

"तुला मीच घडवलं," खुर्चीत टेकताटेकता म्हणाले. "भाऊ संस्थेला स्वतःची इमारत देतात. फक्त बातमी पाठवण्याआधी त्यांना दाखवत जा. नुसती नजर टाकतील."

"दाखवतेच ना सर. उद्या सकाळी, बोअरवेलपाशी, लेआउटमधल्या बायांना. भाऊंनाही आणा. मागे उभे राहतील."

"ही खोली भाड्याची आहे, विसरू नको."

विसरले नाही. घरमालकाचा फोन आला आहे, संध्याकाळपर्यंत जागा रिकामी करा म्हणून. टेबल बाहेर काढून ठेवलं आहे.

उद्या बोअरवेलपाशी मी वाचणार. भाऊंच्या नावासकट, माझ्या नावासकट. बायांपैकी कुणी म्हणाली, हे चूक आहे, तर तिथंच दुरुस्त करीन. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून एक शब्द हलणार नाही.