हिरव्या गाडीचा रोटर

हे लिहायचं मी फार वर्षं टाळलं. लिहायला बसलो की हात गाडीकडेच वळायचा, कारण गाडीबद्दल लिहिणं सोपं होतं. घरी पाहुणे आले की मुलगा म्हणायचा, "बाबा, ती अमेरिकन गाडीची गोष्ट सांगा." मग मी उंदरांची, सरकीची, वरातीची गोष्ट सांगायचो आणि लोक हसायचे. ती गोष्ट खोटी नव्हती, फक्त अर्धी होती. उरलेली अर्धी आज लिहितो.

परभणीत जिंतूर रोडला आमचं गॅरेज होतं. आमचं म्हणजे माझं आणि पेंटरचं. इंजिन मी बघायचो, पत्रा आणि रंग तो. त्याला सगळे पेंटरच म्हणत. तो मला गिऱ्हाइकासमोर मिस्तरी म्हणायचा आणि दोघंच असलो की दादा. झरीच्या पलीकडे आत एक गाव आहे, तिथला तो. माझी बहीण त्याच गावात दिलेली. बहिणीचं घर वेशीजवळ, पेंटरचं ओढ्याकडच्या बौद्धवाड्यात. दुपारी आम्ही एका फडक्यावर भाकरी सोडून खायचो आणि त्याचा मला अभिमान होता. माझ्या घरी तो ओसरीच्या पुढे कधी आला नाही, हे मात्र तेव्हा माझ्या ध्यानातही येत नसे.

ती गाडी एका जिनिंगवाल्या शेठची. कुठल्याशा परदेशी कचेरीच्या लिलावात त्यांनी ती मुंबईला घेतली होती. दोन दारांची, लांब नाकाची, आठ सिलिंडरची. स्टेअरिंग डाव्या बाजूला. परभणीच्या रस्त्यावर ती आली की लोक दुकानातून बाहेर येऊन बघत. पुढे पेट्रोल महागलं आणि गाडी रुईच्या गोदामात मागच्या भिंतीला लागली. वर्षामागून वर्षं तिच्यावर गठाणींची धूळ पडत राहिली. विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावाचं ते वर्ष. त्या उन्हाळ्यात शेठनी आम्हाला बोलावलं.

"मिस्तरी, दिवाळीनंतर पोराचं लगीन. वरात ह्याच गाडीतून निघली पायजे."

पेंटर गाडीभोवती एक चक्कर मारून आला. म्हणाला, "शेठ, हिचं स्टेअरिंग उलट्या अंगाला हाय. नवरदेव म्होरं बसला तर लोकांला वाटंल, त्योच गाडी हाकायलाय."

"मग तू बस की फेटा बांधून."

"मी बसलो तर वरात तुमच्या दारात येईल का, शेठ?"

शेठ हसले. मीही हसलो.

ट्रॅक्टरला दोर बांधून आम्ही ती गॅरेजला ओढून आणली. सीटच्या आत उंदरांनी रुईची घरं केली होती. टाकीतलं पेट्रोल आटून त्याचा डिंक झाला होता. टाकी उतरवून आत साखळी आणि घासलेट टाकून आम्ही दोघांनी ती पाळण्यासारखी हलवली, तेव्हा कुठे तळ दिसला. इंजिन जाम होतं. प्लग काढून प्रत्येक भोकात डिझेल आणि घासलेट ओतून ठेवलं आणि रोज सकाळी पाना लावून जोर करत राहिलो. एके दिवशी नखभर फिरलं. मी ओरडलो तेव्हा पेंटर हातातलं काम टाकून धावत आला आणि आम्ही दोघं त्या पान्याला लटकलो. ब्रेकचे रबर मिळेनात, ते एका ट्रकचे कापून बसवले. पहिल्यांदा इंजिन लागलं तेव्हा सायलेन्सरमधून भाजलेली सरकी गोळ्यांसारखी उडाली आणि समोरच्या पानवाल्याच्या अंगावर गेली. उंदरांनी आत साठवून ठेवलेली. पानवाला शिव्या देत होता आणि पेंटर म्हणत होता, "घ्या, गरम हाय, खा!" लोक हसायचे ते इथे.

तिकडे पेंटरचं काम चाललं होतं. गंज खरवडायचा, खड्ड्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासायचं, पुन्हा लांबी, पुन्हा घासणं. रंग शेठनी मूळचाच सांगितला होता, गर्द हिरवा. पहिला हात मारून झाला त्या दिवशी पेंटर म्हणाला, "दादा, एक चक्कर माझ्या मायला द्यायची."

त्याची माय आडावर घसरून पडलेली. खुब्याचं हाड नीट जुळलं नव्हतं. अंगणातून घरात जायलाही तिला कोणाचा तरी खांदा लागे.

"झरीच्या म्होरं तिनं काई बघितलं न्हाई. म्हनली, तुमची ती मोटार हाय तरी केवढी, एकदा दाव."

"रंग पुरा होऊ दे," मी म्हणालो. "शेठला न विचारता नेऊ. मी चालवतो."

हे मी बोललो होतो.

आता रोटरबद्दल सांगायला हवं. हैदराबादेत मी ज्या उस्तादाकडे शिकलो त्यांचा एक दंडक होता. गिऱ्हाइकाची गाडी संध्याकाळी उभी करायची तर तिचा रोटर काढून खिशात टाकायचा. डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखाली बोटाच्या पेराएवढा हा तुकडा असतो. तो फिरतो आणि प्रत्येक प्लगला ठिणगी वाटतो. तो नसला की सेल्फ मारला तर इंजिन घरघर करतं, पण लागत नाही. उस्ताद म्हणायचे, "चाबी तो चोर भी बना लेता मियाँ, रोटर कहाँ से लाता?" ती सवय मी परभणीतही पाळली. पेंटरला इंजिनात गम्य नव्हतं आणि माझ्या खिशात रोज काय असतं हे त्याला माहीत नव्हतं. माहीत करून देण्याचं काही कारणही नव्हतं.

जुलैच्या शेवटी ठराव झाल्याची बातमी आली आणि हवा बदलली. बाजारात दुकानांच्या फळ्या अर्ध्या लागलेल्या. एसटी बंद. कुठे काय जाळलं याच्या गोष्टी माणसं हळू आवाजात सांगत आणि सांगताना समोरचा कोण आहे हे आधी बघून घेत. पेंटर दोन दिवस गॅरेजमध्येच झोपला होता. बायको, लहान मुलगा आणि माय गावात.

त्या सकाळी त्याने गाडी पाण्याने घासली होती. शेवटच्या हाताआधीची घासणी. मला विचारलं, "बॉनेटखालीबी मारू का पानी? लय लांबीची धूळ बसलीय." मी म्हणालो, "मार, जपून." मग तो थिनर बघायला बाजारात गेला. तो गेल्यावर मी रात्रीचा रोटर परत बसवून गाडी चालू करून बघितली. पहिल्या सेल्फला लागली. थोडा वेळ चालू ठेवून मी ती बंद केली.

दुपारी चहाला हॉटेलात गेलो. झरीकडून आलेला एक दूधवाला तिथे होता. सायकलीला रिकामे कॅन लटकत होते. तो मला ओळखत होता. जवळ येऊन म्हणाला, "तुमच्या बहिनीच्या गावात मान्सं जमायलीत. बाहेरूनबी आल्यात. सांजपतूर काई खरं न्हाई."

"कोणाकोणाची?"

"आपलीच की," तो म्हणाला.

मी चहा अर्धा टाकून उठलो. पेंटरला सांगायला उठलो असंच मला वाटत होतं. गॅरेजमध्ये आलो, पेंटर अजून आला नव्हता. गाडी समोर उभी होती, हिरवी, ओली, अख्ख्या जिल्ह्यात दुसरी नाही अशी. मला दिसलं की तो येणार, त्याला कळणार, आणि तो मला म्हणणार, गाडी काढ. आणि मी ती गाडी घेऊन बहिणीच्या गावात, वेशीवर जमलेल्या माणसांमधून, माझ्या दाजींच्या आणि त्यांच्या भावांच्या डोळ्यांदेखत बौद्धवाड्याकडे वळणार. ती गाडी कोणाची, चालवणारा कोण, हे कोणाला विचारावं लागलं नसतं. मी बॉनेट उघडलं, झाकण काढलं आणि रोटर खिशात टाकला. संध्याकाळ व्हायची होती. सवय म्हणून मी तो काढला नाही. त्याने मागायच्या आधीच मी नाही म्हणून ठेवलं होतं.

तो धावतच आला. बाजारात त्यालाही कळलं होतं. दोन जीपवाल्यांच्या हातापाया पडून आला होता.

"दादा, गाडी काढा. मायला उचलून आनायचंय. ती दोघं पळतील, मायला पळता येत न्हाई."

मी सीटवर बसलो. चावी फिरवली. इंजिन घरघरलं. पुन्हा फिरवली.

"काय झालं?"

आणि मी म्हणालो, "पाणी गेलं आत. सकाळी मारलेलं."

त्याचा चेहरा मी बघितला. मी खाली उतरलो, बॉनेटखाली वाकलो, झाकण मीच काढलं, अंगाआड धरून पुसलं आणि मीच बसवलं. तो शेजारी उभा राहून प्लगच्या वायरी शर्टाने पुसत होता, तोंडाने फुंकत होता. फुंकता फुंकता म्हणत होता, "मीच मारलं. दादा, मीच मारलं पानी." मार म्हणून मी सांगितलं होतं, हे त्याला आठवलं नाही. मीही आठवण करून दिली नाही. मी पुन्हा सेल्फ मारला. अजून एकदा मारला. बॅटरी उतरू लागली तेव्हा म्हणालो, "वाळायला वेळ लागंल. तू थांबू नको. माझी सायकल ने, तुझ्या सायकलीपेक्षा हलकी चालते."

"लय उपकार झाले," तो म्हणाला आणि निघाला.

झरीच्या अलीकडेच त्याला धूर दिसला. बायको मुलाला घेऊन ज्वारीच्या रानात पडून राहिली होती म्हणून दोघं वाचली. तिने सासूला उचलायचा प्रयत्न केला होता. मग सासूनेच तिला ढकललं, पोराला घेऊन जा म्हणाली. पेंटर पोचला तेव्हा घराचं छत जळून खाली बसलं होतं. माय जिवंत होती. बैलगाडीत घालून रात्रभर चालत त्याने तिला परभणीच्या सरकारी दवाखान्यात आणलं. ती काही दिवसच जगली. मी दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेलो होतो, आत गेलो नाही.

पुढे बहिणीकडे गेलो तेव्हा मी काही न विचारताच दाजी म्हणाले, "आमी त्या दिशी घरातच होतो." मी म्हणालो, "हो."

पेंटर परत येईल असं मला वाटलं नव्हतं. नाही आला तर बरं, असंही वाटलं होतं. तो आला. बायको-मुलाला स्टेशनजवळ भाड्याच्या खोलीत ठेवलं आणि गाडीचा राहिलेला हात मारायला घेतला. कोणी विचारलं तर सांगायचा, "गाडी तयार होती. माझ्याच हातानं पानी गेलं, लागली न्हाई." पानवाल्याला सांगितलं, शेठना सांगितलं, गिऱ्हाइकांना सांगितलं. मी तिथेच असायचो, कुठल्या तरी इंजिनात डोकं घालून. त्यानंतर त्याने कधी बॉनेटखाली पाणी मारलं नाही. गाडी धुवायची असली की दुसऱ्या कोणाला सांगायचा आणि स्वतः लांब उभा राहायचा.

वरातीच्या दिवशी गाडी काचेसारखी चमकत होती. मी स्टेअरिंगवर बसलो. पेंटर फाटकापाशी उभा होता. मी चावी फिरवायच्या आधी तो जवळ आला, खिडकीतून वाकून म्हणाला, "मी सगळं कोरडं पुसून घेतलंय, दादा. झाकनाच्या भवतालीबी. आता बघा लागती का."

पहिल्या सेल्फला लागली.

"लागली," तो म्हणाला, मान हलवली आणि बाजूला झाला. बँडवाले वाजवू लागले.

त्यानंतर आम्ही पुष्कळ वर्षं एकत्र काम केलं. हे मला सगळ्यात जड जातं. तो निघून गेला असता तर मी त्याला विसरण्याचा प्रयत्न तरी केला असता. पण तो रोज यायचा. माझ्या मुलीच्या लग्नात मांडवाचे खांब त्याने रंगवले. मला अपघात झाला तेव्हा दवाखान्यात, त्याच दवाखान्यात, तो रात्रभर बसला. दरवेळी मी मनाशी म्हणायचो, आज सांगू. आणि दरवेळी वाटायचं, आज त्याला एवढं चांगलं वाटतंय, आज नको.

विद्यापीठाचं नाव बदललं त्या जानेवारीत तो पेढे घेऊन गॅरेजला आला. पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला. दोघंच होतो. आता केस त्याचेही पिकले होते आणि रंगाच्या वाफेने छाती कायमची भरलेली असायची. स्टुलावर बसला आणि म्हणाला, "माय असती तर विचारलं असतं तिनं, येवढ्यासाठी येवढं का केलं म्हून." पेढ्यांचा पुडा मिटत म्हणाला, "तिला मी न्यायला पायजे होतं, दादा. पानी मारलं नसतं तर."

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पेढा तोंडात होता. मी तो गिळला आणि म्हणालो, "जाऊ दे आता. तुझी चूक नाही ती."

तो माझ्याकडे बघून हसला, समजूत घालणाऱ्या माणसाकडे बघून हसतात तसा. त्याच्या लेखी मी मोठ्या मनाचा होतो.

काही वर्षांनी छातीच्या दुखण्याने तो गेला. मी तेव्हा मुलाकडे पुण्याला होतो, उशिरा कळलं. परभणीला आलो तसा थेट त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने खुर्ची दिली, चहा दिला. भिंतीवरच्या तसबिरींच्या ओळीत त्याचाही फोटो लागला होता. ती म्हणाली, "तुमच्या सायकलीची आठवन शेवटपतूर काढायचे. दादांनी त्या दिशी सायकल दिली म्हनायचे."

मी चहा संपवला, उठलो आणि दारापर्यंत आलो. तिलाच सांगावं, निदान तिला तरी, म्हणून वळलोही होतो. ती कप उचलत होती. मी चपला घातल्या आणि निघालो.

बोलायचं तसं थोडंच होतं. इतकी वर्षं ते मी तोंडात तयार ठेवलं होतं. पेंटर, त्या दिवशी गाडी चालू होती. तू मारलेल्या पाण्याने काही झालं नव्हतं. रोटर माझ्या खिशात होता. तुझी माय माझ्यामुळे गेली. मला माफ कर.