तिसरा कॅमशाफ्ट

कानमास्तरांना ऐकू येत नाही, ही गोष्ट आपल्याशिवाय कुणालाही ठाऊक नाही, असं कानमास्तर दोन वर्षं धरून चालले होते.

तसे ते ठार बहिरे नव्हते. माणसांचं बोलणं, हॉर्न, वहिनींची हाक, सगळं पोचायचं. गेले होते ते बारीक आवाज. घड्याळाची टिकटिक गेली, पाणी उकळायच्या आधीची सुंसुं गेली, आणि त्यांच्यासोबत टॅपेटचा आवाजही गेला. पहिल्या दोघांवाचून कुणाचं काही अडत नाही. तिसऱ्यावर मात्र या माणसाचं नाव, पोट आणि मान, तिन्ही उभं होतं.

इंजिनाच्या डोक्यावर कॅमशाफ्ट नावाचा दांडा फिरतो आणि टॅपेटच्या ठोक्याने व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, उघडतो. त्या टॅपेटमध्ये केसाएवढी फट ठेवावी लागते; ती चुकली की टॅपेट टिकटिकतं. बाकीचे मेकॅनिक ती फट फिलर गेजने, म्हणजे पोलादी पातळ पात्यांनी मोजतात. कानमास्तरांनी जन्मात गेजला हात लावला नाही. चालू इंजिनावर लांब पेचकस टेकवायचा, त्याची लाकडी मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि दुसऱ्या हाताने स्क्रू फिरवत राहायचं. लोक तोंडात बोट घालून बघत. गॅरेजचे मालक म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. त्यांनी तर दारावर हातभर पाटीच लावली होती: ‘येथे इंजिन कानाने लावून मिळेल.’

दादांना बोलायला भारी आवडे, पण भावावर मायाही तेवढीच. टॅपेटचं काम झालं की म्हणत, “दमलास. जा, चहा पिऊन ये. झाकण मी बसवतो.” कान गेल्यावरही एकही गाडी तक्रार घेऊन परत आली नाही. हाताला सवय आहे म्हणून निभतंय, असं कानमास्तर स्वतःला समजावत.

आणि मग घरच्याच मोठ्या गाडीचा कॅमशाफ्ट झिजला.

गाडी दादांची, पण बसायचं सगळ्या घराने. मधल्या सीटवर आई, मागे पोरं आणि सामान, स्टिअरिंगवर बहुतेक वेळा वहिनी. घराच्या चढावर गाडीला धाप लागायची. दादा म्हणाले, “बदलायचाच आहे तर जरा दमदार बसवू. निवड तुझी. मी मध्ये बोलणार नाही.” दुसऱ्याच श्वासात पुढे म्हणाले, “रविवारी तो टॅक्सीवाला येतोय. सहा गाड्या आहेत त्याच्या. तुझा कान बघायचाय त्याला. आपल्याच गाडीवर दाखव.”

कानमास्तर सुट्या भागांच्या दुकानात गेले.

पार्टवाल्याने काउंटरवर तीन कॅमशाफ्ट मांडले. “पहिला घरगुती. खालच्या वेगात ओढ वाढेल, चढ आरामात चढाल, आणि उभी गाडी मांजरासारखी गुरगुरेल. दुसरा मधला. ना इकडचा, ना तिकडचा. आणि हा तिसरा पोरांचा लाडका. उभ्या गाडीत असा धडधडतो की शेजारी खिडक्या लावून घेतात.”

“टॅपेटचा आवाज?” कानमास्तरांनी विचारलं.

“त्या धडधडीत? आजोबांनी मारलेली हाक ऐकू यायची नाही!”

कानमास्तर तिसऱ्याकडे बघत राहिले. पहिला बसवला तर शांत इंजिनात जरा चुकलेलं टॅपेटही टिकटिकणार, आणि ते साऱ्या जगाला ऐकू येणार, एक आपण सोडून. तिसरा बसवला तर त्या गोंगाटात सगळेच आपल्यासारखे बहिरे. इतका सोपा मार्ग त्यांना दोन वर्षांत दिसला नव्हता. हात पुढे गेलासुद्धा.

“पण घरच्या गाडीला घालू नका,” पार्टवाला सहज म्हणाला. “खाली दम नाही त्याला. आणि ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूम कमी पडतो, त्यामुळे हळू गाडीत ब्रेक दगडासारखा होतो.”

वहिनींचा पाय त्या ब्रेकवर असतो. उतारावर, पाठीमागे आई.

तीन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. बायकोने दोनदा विचारलं, त्यांनी दोनदा पित्तावर ढकललं. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात, पण तिथे निदान उडी मारायची तरी सोय असते. इथे उभ्या जागी सडायचं होतं. तिसऱ्या दिवशी आई दारात चप्पल शोधत म्हणाली, “तुझ्या हातची गाडी म्हटली की मी डोळे मिटून बसते बाबा.” त्याच दुपारी त्यांनी पहिला कॅमशाफ्ट आणला, मनातल्या मनात आईला चार शिव्या देत.

रविवारी टॅक्सीवाला स्टुलावर बसला होता. कॅमशाफ्ट बसला, इंजिन सुरू झालं आणि खरंच मांजरासारखं गुरगुरू लागलं. दादांनी ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं. कानमास्तरांनी पेचकस टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. काही नाही. नुसती घरघर. स्क्रू अंदाजाने फिरवता आला असता, इतके दिवस तेच तर चाललं होतं. पण सोमवारी याच गाडीत आई डोळे मिटून बसणार होती. बोटं हलेनात.

त्यांनी इंजिन बंद केलं आणि दादांना टायरच्या थप्पीमागे नेलं.

“दादा, मला टॅपेट ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली.”

आता आभाळ कोसळणार म्हणून ते मान खाली घालून उभे राहिले. दादांनी शर्टाच्या आतल्या खिशातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. फिलर गेज होतं. त्याची पाती वापरून वापरून आरशासारखी झाली होती.

“तुला चहाला कशाला पाठवत होतो रे रोज?”

कानमास्तरांना क्षणभर इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. सुटलो, असंच त्यांना वाटलं. “मग पाटी उतरवू या दादा. आता गेजनेच करू, उघड.”

“येडा की काय?” दादा दबक्या आवाजात म्हणाले. “लोक इथे गेजसाठी येत नाहीत. गेज गल्लीत सगळ्यांकडे आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. जा, मूठ लाव कानाला, दोन-चारदा मान हलव. मग त्याला चहाला घेऊन जा आणि अर्धा तास बसवून ठेव. मी उरकतो.”

“आणि हे किती दिवस चालायचं?”

पण दादा तोवर हसत टॅक्सीवाल्याकडे निघाले होते.

कानमास्तरांनी इंजिन पुन्हा सुरू केलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले आणि मान हलवली. मग हात पुसून पाहुण्याला समोरच्या टपरीवर नेलं. चहा आला. टॅक्सीवाला अजून भारावलेलाच होता. सहाही गाड्या इथेच आणायचं ठरवून टाकलं, म्हणाला. मग पुढे सरकून त्याने विचारलं, “एक सांगा मास्तर, काय काय ऐकू येतं हो तुम्हाला त्यात?”

समोर गॅरेजचं शटर अर्धं खाली आलं होतं. त्याखालून दादांचे पाय तेवढे दिसत होते.

“सगळं,” कानमास्तर म्हणाले.