नेमकं काय आवळायचं?

माझ्या हसण्यानं आमच्या बमरोलीतले कापड विणायचे लूम लाजून बंद पडायचे. खोटं वाटत असेल तर लूमना विचारा.

धाकटी झाली आणि हसलं की परकर ओला, खोकलं की ओला. नवरा जवळ आला की तीच धास्ती, आणि पहिल्यासारखं काही जाणवेनाही. मी भिंतीकडे तोंड करून झोपू लागले. त्याला वाटलं, रुसली. सांगणार तरी कसं?

जावेच्या कानावर घातलं. "बाळंतपणात पोट सैल बांधलं असशील वं!" म्हणत तिनं जुन्या सुती साडीनं पोट असं करकचून बांधलं, की श्वास घ्यायला तिची परवानगी लागायची. गळणं आणखी वाढलं.

मग गुजराती डॉक्टरीणबाई. "पेशाब रोकते हैं ना, वैसे अंदर खींचो. फिर छोड दो."

कुठलं खींचो? घरी टिकल्या लावायच्या साड्यांच्या ढिगात बसून मी दात आवळले, डोळे आवळले, पायाची बोटंसुद्धा आवळली. जेवताना नवरा चिडला, "खारट भाजी मी खातोय, तोंड तू का वाकडं करतेस?"

पुन्हा गेले, तर बाईंना पोटावरची साडी दिसली. "अरे बेन, ऊपर से दबाओगी तो सब नीचे ही जाएगा!"

सोडली. जाऊ कडाडली, "आता सगळं खाली पडंल तुझं!" जावेची चार बाळंतपणं, बाईंच्या भिंतीवर चार सर्टिफिकिटं. खरं कुणाचं मानू? तरी आवळत राहिले. आत काहीतरी हलकेच उचललं जातंय असं वाटायचं, की भासच होता, देव जाणे.

एका दुपारी वीज गेली, लूम थांबले, नवरा घरी आला. "एवढा राग कसला गं माझ्यावर?"

मी रडत सगळं सांगून टाकलं. तो गंभीरपणे मांडी घालून बसला. "असं का?" म्हणत त्यानंही आवळलं. गाल फुगले, मिशा थेट कानांपर्यंत गेल्या. मी फुटले! हसता हसता आठवलं, आत खेचलं, हातानं चाचपलं.

"अहो, कोरडी!"

लूम बंद, त्यामुळे अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

व्यायामानं झालं, साडी सोडल्यानं, की त्या मिशांनी, मला आजवर उमगलं नाही. त्या दिवसापासून भिंतीकडे मात्र माझी पाठ असते.